नराची जननक्षमता आणि संप्रेरकसदृश द्रव्ये : प्रयोगशाळेतील एका प्रश्नाचा इतिहास

वृषणापासून काढलेला अर्क निरोगी नर उंदरास काही आठवडे टोचला, तर त्याचे वृषण वाढण्याऐवजी खुरटतात, हे विधान आजच्या विद्यार्थ्यास पाठ्यपुस्तकातील एक साधे वाक्य वाटते. १९३० च्या सुमारास मात्र हा अनुभव कोड्यात टाकणारा होता. ज्या अर्काने खच्ची केलेल्या कोंबड्याचा सुकलेला तुरा पुन्हा लाल होतो, अष्ठीला ग्रंथी व रेताशय पुन्हा भरतात, त्याच अर्काने ज्या ग्रंथीतून तो निघाला तिचाच ऱ्हास व्हावा, याची संगती लावणे सोपे नव्हते. ही संगती कशी लागली आणि लागल्यावर तिच्यातून कोणते धडे घेतले गेले, कोणते घेतले गेले नाहीत, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. विषय प्रयोगशाळेतील प्राण्यांपुरता मर्यादित ठेवला आहे. मानवी वैद्यकाचा उल्लेख जेथे अपरिहार्य आहे तेथेच येईल.

वृषण काढले असता नराचे नरपण ओसरते, हे शेतकऱ्यास व धनगरास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. खच्ची बैल आणि वळू यांतील अंतर सांगण्यास शरीरक्रियाविज्ञानाची गरज नव्हती. १८४९ मध्ये गटिंगन येथे बेर्टोल्ट यांनी सहा कोंबड्यांवर प्रयोग करून वृषणाचा प्रभाव रक्तावाटे पसरतो, मज्जातंतूंवाटे नव्हे, असे दाखविले. त्याकडे जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही. १८८९ मध्ये बहात्तर वर्षांच्या ब्राउन-सेकार यांनी पॅरिस येथे कुत्र्याच्या व गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेऊन तारुण्य परतल्याचे जाहीर केले, आणि त्याकडे मात्र साऱ्या युरोपाने लक्ष दिले. शास्त्रीय मोल पहिल्या प्रयोगास अधिक आणि प्रसिद्धी दुसऱ्यास अधिक, ही विषमता या विषयाच्या इतिहासात पुढेही वारंवार आढळते.

खरा वाद पहिल्या महायुद्धाच्या आसपास व्हिएन्नात सुरू झाला. श्टाइनाख यांनी खच्ची केलेल्या नर उंदरांत व गिनीपिगांत अंडाशयाचे रोपण केले. ते नर मादीसारखे दिसू लागले व वागू लागले. यावरून, आणि दोन्ही ग्रंथी एकाच प्राण्यात नीट नांदत नाहीत असे त्यांस वाटल्यावरून, त्यांनी असा सिद्धांत मांडला की नर-संप्रेरक व मादी-संप्रेरक यांच्यात मूलतःच वैर आहे आणि एक दुसऱ्याच्या ग्रंथीवर थेट आघात करते. या सिद्धांतास एक मोठा आधार गोठ्यातून मिळाला होता. गाईला नर व मादी असे जुळे झाले, तर त्यांतील कालवड बहुधा वांझ निघते. शिकागो येथील लिली यांनी १९१६-१७ मध्ये याचे कारण सांगितले ते असे, की जुळ्यांच्या रक्तवाहिन्या गर्भाशयातच जोडल्या जातात आणि नरभ्रूणाचे संप्रेरक कालवडीच्या अंडाशयाची वाढ बिघडविते. तेव्हा दोन संप्रेरकांत वैर आहे, ही कल्पना त्या काळी हवेतील नव्हती, हे लक्षात ठेवावयास हवे.

कार्ल मूर हे लिली यांच्याच परंपरेतील शिकागो विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ होते. १९२० च्या आसपासच त्यांनी श्टाइनाख यांचे रोपणाचे प्रयोग पुन्हा करून पाहिले होते. वृषण शाबूत असलेल्या नरात अंडाशयाचे रोपण जगते, असे त्यांस आढळले होते व त्यामुळे वैराच्या सिद्धांताविषयी त्यांच्या मनात संशय होता. परंतु रोपणाचा प्रयोग कितीही काळजीपूर्वक केला तरी रोपणातून दररोज किती द्रव्य बाहेर पडते, हे सांगता येत नाही. त्यासाठी हातात मोजून देता येण्याजोगे द्रव्य हवे. ते त्याच विद्यापीठात १९२७ मध्ये उपलब्ध झाले. कोख व मॅक्गी यांनी शिकागोच्या कत्तलखान्यांतून मिळविलेल्या सुमारे चाळीस पौंड बैलवृषणांतून वीस मिलिग्रॅमच्या आसपास प्रभावी अर्क काढला, आणि त्याचे सामर्थ्य खच्ची कोंबड्याच्या तुऱ्याच्या वाढीवरून मोजण्याची रीत बसविली. दुसरीकडे अंडाशयाचा ‘ईस्ट्रिन’ हा अर्कही मोजून देता येऊ लागला होता. वादाचा निकाल लावण्यास हवी ती दोन्ही वजने तराजूत आली होती.

मूर यांच्या प्रयोगशाळेत डॉरथी प्राइस या साहाय्यक म्हणून काम करीत होत्या. १९३० पासून या दोघांनी टिपणे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला व १९३२ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ अ‍ॅनाटमी’ या नियतकालिकात त्यांचा विस्तृत निबंध आला. त्यातील निरीक्षणे थोडक्यात अशी. ईस्ट्रिन टोचलेल्या कोवळ्या नर उंदरांचे वृषण खुरटले. हे श्टाइनाख यांच्या मताशी जुळणारेच होते. परंतु वृषणाचा अर्क टोचलेल्या नरांतही वृषण खुरटले, मात्र त्यांची अष्ठीला व रेताशये उत्तम वाढली. म्हणजे नराच्या ग्रंथीस मादीच्या द्रव्याने जी इजा होते, तीच तिच्या स्वतःच्या द्रव्यानेही होते. यास वैर म्हणावे, तर वृषणाचे स्वतःशीच वैर आहे असे म्हणण्याची पाळी येते!

येथे या दोघांनी जो प्रश्न विचारला त्यातच त्यांच्या कामाचे सारे मोल आहे. इजा होते हे खरे, पण ती कोणत्या वाटेने होते? अर्क वृषणावर थेट काम करीत असेल, तर त्याच्या जोडीने दुसरे काही दिले तरी इजा व्हावयास हवी. म्हणून त्यांनी ईस्ट्रिन देत असतानाच त्याच प्राण्यांना मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचा अंशही दिला. वृषण खुरटले नाहीत. ईस्ट्रिन तेच, मात्रा तीच, प्राणी त्याच जातीचे, आणि तरीही इजा नाही. यातून निष्कर्ष एकच निघत होता. जननग्रंथीचे संप्रेरक, मग ते नराचे असो वा मादीचे, पोष ग्रंथीस दाबून टाकते, तिच्यातून वृषणास मिळणारे उत्तेजन बंद पडते आणि वृषण उपासमारीने खुरटते. ज्यास आज आपण प्रतिभरण अथवा ‘फीडबॅक’ म्हणतो त्या कल्पनेची संप्रेरकशास्त्रातील ही पहिली सुस्पष्ट मांडणी होय.

इतिहासकाराने मात्र या निबंधातील निष्कर्ष एकाच मापाने मोजू नयेत. पोष ग्रंथीवरील दाबाविषयीचा निष्कर्ष टिकला व आजही टिकून आहे. पण त्याच निबंधात आणखी दोन विधाने होती. एक असे की, जननग्रंथीच्या संप्रेरकांचा जननग्रंथींवर थेट परिणाम मुळीच होत नाही. दुसरे असे की, एका लिंगाचे संप्रेरक दुसऱ्या लिंगाच्या साहाय्यक इंद्रियांवर काहीही करीत नाही. ही दोन्ही विधाने वैराच्या सिद्धांताचा निःपात करण्यास सोयीची होती, परंतु प्रयोगाने जेवढे सिद्ध केले होते त्याच्या ती पलीकडे जात होती. एक वाट सापडली म्हणजे दुसरी वाट नाही, असे ठरत नाही. या लहानशा अतिव्याप्तीची किंमत पुढील कित्येक वर्षे मोजावी लागली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पहिले विधान दोनच वर्षांत कोसळले. फिलिप स्मिथ यांनी १९२७ ते १९३० या काळात उंदराची पोष ग्रंथी, मेंदूस धक्का न लावता, मानेकडून शस्त्रक्रिया करून काढण्याची रीत सिद्ध केली होती. अशा उंदराचे वृषण काही आठवड्यांत सुकतात. १९३४ मध्ये वॉल्श, कायलर व मॅकलाग यांनी पोष ग्रंथी काढल्याबरोबर उंदरांना पौरुषजनाचा अर्क देण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांच्या वृषणांत शुक्राणूंची निर्मिती चालू राहिली. पोष ग्रंथीच नसल्यामुळे येथे परिणाम तिच्यामार्फत झाला, असे म्हणावयास जागाच उरली नव्हती. ज्या द्रव्याने निरोगी नराचे वृषण खुरटते, त्याच द्रव्याने पोष ग्रंथी नसलेल्या नराचे वृषण तगून राहते. १९३५ मध्ये लाक्योर यांच्या अ‍ॅम्स्टरडॅम येथील गटाने टेस्टोस्टेरॉन शुद्ध रूपात वेगळे केले, त्याच वर्षी बुटेनान्ट व रुझिच्का यांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले आणि मात्रेचा प्रश्न नेमकेपणाने विचारणे शक्य झाले. १९५० मध्ये लुडविग यांनी निरोगी उंदरांत मात्रा चढवीत नेली, तेव्हा वक्ररेषा प्रथम खाली गेली व नंतर पुन्हा वर आली. थोड्या मात्रेने शुक्राणूंची निर्मिती मंदावते, मोठ्या मात्रेने ती टिकते.

आजच्या ज्ञानाने याचे स्पष्टीकरण असे देता येते. शुक्राणूंच्या निर्मितीस वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचे जे प्रमाण लागते, ते रक्तातील प्रमाणाच्या कित्येक पट असते, आणि पोष ग्रंथीच्या आदेशाने वृषणातील लायडिग पेशी ते जागच्या जागी निर्माण करतात. बाहेरून थोडे टेस्टोस्टेरॉन दिले की पोष ग्रंथीस पुरवठा पुरेसा आहे असा भास होतो व ती आदेश थांबविते. रक्तातील पातळी राहते, म्हणून तुरा, अष्ठीला, रेताशय हे सारे ठीक दिसते. वृषणाच्या आतील पातळी मात्र कोसळते. बाहेरूनच पुष्कळ द्रव्य ओतले, तर आतील तूट त्यानेच भरून निघते. नराचे नरपण आणि त्याची जननक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत व एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही, ही गोष्ट या एका वक्ररेषेत सामावलेली आहे. पुरुषांसाठी संप्रेरकांवर आधारित गर्भनिरोधक शोधण्याचे पुढील प्रयत्न मुख्यतः याच पायावर उभे राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्यास २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट देऊन केलेली व १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी ही, तत्त्वतः पाहता, मूर व प्राइस यांच्या उंदरांवरील प्रयोगाचीच मानवी आवृत्ती होय.

दुसरे विधान, म्हणजे मादीच्या संप्रेरकास नराच्या देहात काही काम नाही हे, मोडावयास मात्र साठ-पासष्ट वर्षे लागली. वास्तविक त्याच्याविरुद्ध पुरावा १९३४ मध्येच पुढे आला होता, आणि तो अशा ठिकाणाहून आला होता की कोणासही तो विसरता येऊ नये. बर्नहार्ट त्सोंडेक हे नात्सी राजवटीमुळे बर्लिन सोडून स्टॉकहोम येथे आले होते. त्यांनी अंडिल घोड्याच्या मूत्रात ईस्ट्रोजेन, म्हणजेच स्त्रीमदजन, विपुल प्रमाणात असल्याचे ‘नेचर’ या नियतकालिकात जाहीर केले. घोडा खच्ची केला की ते प्रमाण घसरते, म्हणून त्याचा उगम वृषणातच असला पाहिजे. सर्व प्राण्यांत नरपणाचे प्रतीक मानला गेलेला जो अंडिल घोडा, त्याच्या मूत्रात ‘मादीचे’ संप्रेरक इतके असावे, ही विसंगती सर्वांस ठाऊक झाली. तिच्याविषयी आश्चर्य पुष्कळ व्यक्त झाले. पण घोड्याच्या वृषणास या द्रव्याचा उपयोग काय, हा प्रश्न मात्र बाजूस राहिला. ‘मादीचे संप्रेरक’ हे नाव एकदा पडल्यावर नरातील त्याचे अस्तित्व अपवाद ठरले, आणि अपवादास कार्य नसते अशी आपली समजूत असते.

अशा वातावरणात १९३८ मध्ये स्टिल्बेस्ट्रॉल अवतरले. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील डॉड्स यांनी ऑक्सफर्डच्या रॉबिन्सन यांच्या गटासह हे द्रव्य तयार केले. ते तोंडावाटे देता येत होते, स्वस्त होते, त्यावर पेटंट घेण्यात आले नव्हते, आणि मुख्य म्हणजे त्याची रासायनिक रचना नैसर्गिक स्त्रीमदजनाच्या स्टेरॉइड सांगाड्याशी मिळतीजुळती नव्हती. रचना निराळी असूनही क्रिया तीच, हा मोठा शास्त्रीय धक्का होता. संप्रेरकसदृश द्रव्यांचे युग खऱ्या अर्थाने येथून सुरू होते. याच डॉड्स यांनी लॉसन यांच्यासमवेत १९३६ मध्ये, पुढे प्लॅस्टिक-उद्योगात प्रसिद्धीस आलेल्या बिस्फेनॉल-ए या द्रव्यातही अल्प स्त्रीमदजनक्रिया असल्याचे दाखविले होते, हे येथे जाता जाता नमूद करावे.

स्टिल्बेस्ट्रॉलचा नरावरील परिणाम गुप्त नव्हता. किंबहुना त्याचा व्यापारी उपयोग करण्यात आला. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्झ यांनी कोंबड्यांच्या कातडीखाली या द्रव्याची गोळी बसवून त्यांचे मांस मऊ व चरबीयुक्त होते असे दाखविले. पुढे अमेरिकेत मानेच्या कातडीखाली गोळी बसविण्याची पद्धत कुक्कुटपालनात सर्रास रूढ झाली, व ती १९५९ मध्ये बंद करण्यात आली. ज्या वृषणऱ्हासाचा अर्थ लावण्यासाठी शिकागोत वर्षे खर्ची पडली होती, तो आता शस्त्राविना खच्चीकरण म्हणून बाजारात विकला जात होता.

याहून महत्त्वाचे काम शिकागोतच, पण नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात झाले. ग्रीन, बरिल व आयव्ही यांनी १९३९-४० मध्ये गाभण उंदरीणींना स्त्रीमदजने दिली, तेव्हा जन्मलेल्या नर-पिल्लांच्या जननमार्गाची घडण बिघडलेली आढळली. प्रौढ नरास दिलेल्या द्रव्याची क्रिया पोष ग्रंथीवरील दाबाची असते; द्रव्य थांबविले की दाब उठतो व वृषण बहुधा सावरते. भ्रूणात मात्र जी घडण त्या विशिष्ट दिवसांत व्हावयाची ती एकदा चुकली की पुन्हा होत नाही. हा भेद १९४० मध्ये छापून प्रसिद्ध झालेला होता. असे असता गर्भपात टाळण्याच्या आशेने पुढील तीन दशके गर्भवती स्त्रियांना हेच द्रव्य दिले गेले. १९५३ मध्ये शिकागो येथील डीकमन यांच्या चाचणीत ते निरुपयोगी ठरल्यावरही ते थांबले नाही. उंदरांवरील कामाची माहिती नव्हती, असे म्हणता येत नाही. ती माहिती ‘प्रायोगिक उभयलिंगता’ या शीर्षकाखाली, भ्रूणशास्त्रातील एक कुतूहल म्हणून, दुसऱ्याच कपाटात ठेवली गेली होती.

डी.डी.टी.ची कथा याच सुमारास सुरू होते. १९५० मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातील बर्लिंग्टन व लिंडमन यांनी पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या कोवळ्या कोंबड्यांना दोन ते तीन महिने डी.डी.टी. टोचले. कोंबडे मेले नाहीत, आजारीही दिसले नाहीत; पण त्यांचे वृषण तुलनेच्या कोंबड्यांच्या सुमारे १८ टक्केच भरले, आणि तुरे खुरटे राहिले. डी.डी.टी. व स्टिल्बेस्ट्रॉल यांच्या रेणूंतील साम्याकडे लक्ष वेधून, हे कीटकनाशक स्त्रीमदजनासारखे काम करीत असावे, असे या दोघांनी सुचविले. तो प्रयोग साधा होता, अर्थ उघड होता आणि प्रसंगही योग्य होता, कारण डी.डी.टी. तेव्हा जगभर फवारले जात होते. तरीही विषाची परीक्षा म्हणजे मृत्यूची व अवयवांच्या नाशाची परीक्षा, अशी त्या काळच्या विषशास्त्राची धारणा असल्यामुळे, जिवंत व सुदृढ पण वृषणे खुरटलेल्या कोंबड्यास त्याच्या वहीत रकाना नव्हता. १९६८ मध्ये बिटमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारी डी.डी.टी.त मिसळलेला ऑर्थो-पॅरा घटक स्त्रीमदजनासारखी क्रिया करतो, हे उंदरीच्या गर्भाशयावर दाखवून दिले. अमेरिकेत त्यावर १९७२ मध्ये बंदी आली. भारतात शेतीतील वापर १९८९ मध्ये थांबला, परंतु हिवतापाविरुद्ध फवारणी त्यानंतरही चालू राहिली. रायगड जिल्ह्यात रसायनी येथील कारखान्यातही ते दीर्घकाळ तयार झाले.

स्टिल्बेस्ट्रॉलकडे जगाचे लक्ष पुन्हा वळले ते मुलींमुळे. १९७१ मध्ये बोस्टन येथे हर्ब्स्ट व सहकाऱ्यांनी, गर्भावस्थेत या द्रव्याशी संबंध आलेल्या तरुण मुलींत योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग आढळल्याचे जाहीर केले. मुलग्यांचे काय, हा प्रश्न त्यानंतर नॉर्थ कॅरोलायना येथील मॅक्लाक्लन, न्यूबोल्ड व बुलक यांनी मूषकांवर विचारला. १९७५ मधील त्यांच्या निबंधानुसार, गाभण मूषकमाद्यांना स्टिल्बेस्ट्रॉल दिले असता त्यांच्या नर-संततीपैकी ६० टक्के नर नऊ-दहा महिन्यांचे झाल्यावर वांझ होते. काहींचे वृषण उदरातच अडकून राहिले होते, काहींचे तंतुमय झाले होते. ग्रीन यांच्या कामानंतर पस्तीस वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, आणि या खेपेस त्यास संख्येने उत्तर मिळाले.

बाह्य परिणाम एकच असला तरी वाट निराळी असू शकते, हा १९३२ चा धडा १९९५ मध्ये डी.डी.टी.नेच पुन्हा शिकविला. केल्स व सहकाऱ्यांनी दाखविले की देहात डी.डी.टी.पासून बनणारे व वर्षानुवर्षे चरबीत साठून राहणारे डी.डी.ई. हे द्रव्य स्त्रीमदजनासारखे वागतच नाही. ते पौरुषजनाच्या ग्राहकास अडवून बसते. या द्रव्याच्या प्रभावाखाली वाढलेल्या नर-उंदरांत स्तनाग्रे टिकून राहिली व वयात येणे लांबले. आधीची चार दशके ज्या परिणामास सरसकट ‘मादीकरण’ म्हटले जात होते, त्यात नर-संप्रेरकाची नुसती वाट अडविण्याचाही भाग होता. मादीचे चिन्ह दिसले म्हणजे मादीचे संप्रेरक आले असलेच पाहिजे, असे नाही.

कोणता प्राणी, हाही प्रश्न तितकाच निर्णायक ठरला. १९९९ मध्ये स्पिअरो व सहकाऱ्यांनी निरनिराळ्या वंशांच्या कोवळ्या नर-मूषकांना नैसर्गिक स्त्रीमदजन दिले. काही वंशांत अल्प मात्रेनेच वृषणाची वाढ थांबली. परंतु ‘सीडी-१’ हा वंश त्यांच्या तुलनेत सोळा पटींहून अधिक चिवट निघाला. हा वंश मोठ्या विण्यांसाठी निवडून वाढविलेला आणि विषपरीक्षांत मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा आहे. जो प्राणी भरपूर प्रजननासाठीच निवडला गेला, त्यावर प्रजननास होणाऱ्या बाधेची परीक्षा घ्यावी, यातील विपर्यास विद्यार्थ्यांनी स्वतःच्या प्रयोगाची आखणी करताना अवश्य ध्यानात घ्यावा.

भारतातील प्रयत्नांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वृषण आणि पोष ग्रंथी यांच्याच जोडीकडे सर्वांचे लक्ष खिळल्यामुळे वृषणाच्या पुढील मार्ग बराच काळ दुर्लक्षित राहिला होता. शुक्राणू वृषणात तयार होतात खरे, पण गर्भधारणेस समर्थ होतात ते अधिवृषणाच्या लांब, गुंडाळलेल्या नलिकेतून प्रवास करताना. दिल्ली विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात एम. आर. एन. प्रसाद यांनी नेमक्या या मार्गास हात घातला. बर्लिन येथे नॉयमन यांनी अभ्यासलेले सायप्रोटेरॉन अ‍ॅसिटेट हे पौरुषजनविरोधी द्रव्य त्यांनी कातडीखाली बसविलेल्या सिलॅस्टिक नळीतून अत्यंत अल्प प्रमाणात, सतत झिरपत ठेवले. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात नर उंदीर वांझ झाले, पण वृषणातील शुक्राणुनिर्मिती चालूच राहिली व समागमाची इच्छाही गेली नाही. पुरुषांसाठी वापरता येईल असे साधन यातून निघाले नाही. तथापि पोष ग्रंथी व वृषण यांना जवळजवळ न छेडता जननक्षमता रोखता येते, हा विचार त्यामुळे प्रयोगाच्या कक्षेत आला.

त्याच दुर्लक्षित मार्गावर अखेर अंडिल घोड्याचे कोडेही सुटले. १९९३ मध्ये लुबान व सहकाऱ्यांनी स्त्रीमदजनाचा ग्राहक जनुकीय रीतीने नाहीसा केलेला मूषक तयार केला. हे नर वांझ निघाले. मादीचे संप्रेरक नरास निरुपयोगी असते, तर असे होण्याचे कारण नव्हते. १९९७ मध्ये इलिनॉय येथील हेस व सहकाऱ्यांनी कारण शोधले ते असे. शुक्राणू वृषणातून पुष्कळ द्रवासह बाहेर पडतात, आणि वृषणास अधिवृषणाशी जोडणाऱ्या सूक्ष्म नलिका त्यातील बहुतेक द्रव परत शोषून घेतात. हे शोषण स्त्रीमदजनाच्या ग्राहकावर अवलंबून असते. ग्राहक नसला की द्रव तुंबतो, त्याचा दाब मागे वृषणापर्यंत पोहोचतो आणि वृषण आतून फुगून पुढे सुकते. २००० मध्ये महातो व सहकाऱ्यांनी अशा मूषकांच्या जननपेशी निरोगी ग्राहक असलेल्या नरांच्या वृषणांत सोडल्या, तेव्हा त्यांपासून जननक्षम शुक्राणू निर्माण झाले. दोष जननपेशींत नव्हता. तो निचऱ्याच्या वाटेत होता. येथेही निर्णायक प्रयोगाची घडण मूर व प्राइस यांच्यासारखीच आहे : एक घटक तसाच ठेवून दुसरा बदलावयाचा व इजा कोठून येते ते पाहावयाचे.

मुंबईत परळ येथील प्रजननविषयक राष्ट्रीय संशोधन-संस्थेत झालेले काम या इतिहासाचा सर्वांत अलीकडचा व काहीसा अनपेक्षित भाग आहे. टॅमॉक्सिफेन हे औषध स्त्रीमदजनाच्या ग्राहकाशी जोडले जाते व ऊतकापरत्वे कधी त्यास अडविते, कधी स्वतःच स्त्रीमदजनासारखे वागते. त्याचा नर उंदरांच्या जननक्षमतेवरील परिणाम या संस्थेतील गिल-शर्मा व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केला होता. पुढे बालासिनोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दर किलो वजनास ०.४ मिलिग्रॅम या प्रमाणात साठ दिवस हे औषध दिलेल्या नरांचा संयोग औषध न दिलेल्या माद्यांशी घडविला. गर्भ राहिले, पण रुजल्यानंतर त्यांचे शोषले जाण्याचे प्रमाण वाढले. काही जनुकांवर पित्याकडून येणारी मिथिलगटाची खूण शुक्राणूंमध्येच उमटलेली असते, आणि तीवरून भ्रूणात त्या जनुकाची पित्याची प्रत व मातेची प्रत निरनिराळी वागते. २००९ मध्ये या गटाने दाखविले की औषध दिलेल्या नरांच्या शुक्राणूंत, भ्रूणाच्या वाढीशी निगडित असलेल्या एका जनुकजोडीवरील ही खूण फिकी झालेली असते. पुढील वर्षी शोषल्या गेलेल्या भ्रूणांतही तेथील बिघाड आढळल्याचे प्रसिद्ध झाले. मूर व प्राइस यांच्या काळी नराची परीक्षा तुरा, अष्ठीला व वृषणाचा छेद यांवर संपत असे. परळच्या प्रयोगात नराकडे पाहून काहीच ठरत नाही. मोजणी गाभण मादीची करावी लागते : तिच्या अंडाशयावरील पीतपिंड मोजून किती अंडी सुटली ते कळते, गर्भाशयातील रुजल्याच्या खुणा मोजून किती भ्रूण रुजले ते कळते, आणि त्यांतून जिवंत गर्भ वजा केले म्हणजे पित्यास दिलेल्या द्रव्याने किती गमावले गेले याचा आकडा हाती येतो.